मंग उचलन कोण?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शेतात चाललो होतो तर नाल्याच्या रपट्यावर मोटरसायकल थांबवावी लागली. आमच्या गावची घंटागाडी रपट्याच्या कडेला मागून लावलेली आणि गाडीवरचा पोरगा फावड्यानं सगळा कचरा खाली नाल्यात ढकलत होता. खाली आधीचा ढीग होताच. पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, लेकरांचे डायपर, कोणाच्या तरी लग्नातल्या थर्माकोलच्या प्लेटा, सलाईनची नळी, आणि त्या ढिगात तोंड घालून उभ्या दोन गायी. त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला 300 मीटरवर आमच्या नळयोजनेची विहीर आहे.

मी त्या पोराला फार रागानं बोललो, हे आधीच सांगतो. त्यानं ऐकून घेतलं, फावडं टेकवलं आणि म्हणाला, "काका, मले गाडी देल्ली, भोंगा देल्ला, जागा नाही देल्ली. तुमीच सांगा कुठं टाकू."

मला उत्तर देता आलं नाही. शेतात गेलो, तुरीला पाणी सोडलं, पण डोक्यात दिवसभर तेच वाक्य. आणि त्याच्या मागं मागं आबाजीनं, म्हणजे माझ्या आजोबांनी, सांगितलेलं एक वाक्य आठवत राहिलं, ते पुढं सांगतो. थोडं लांबेल हे लिखाण, पण मनातलं सगळं एकदा लिहूनच काढायचं आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कचरा हा शब्दच फारसा नव्हता. केर होता, शेण होतं, राख होती, कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुश्श्याचा, उरलेला भाग होता, आणि हे सगळं जायचं एका जागी, ते म्हणजे उकिरडा. आमच्याकडच्या बोलीत उकंडा. प्रत्येक घराचा आपापला, कोणाचा घरामागं वाडीत तर कोणाचा गावाच्या कडेला, आणि कोणाचा उकंडा कुठं संपतो नि दुसऱ्याचा कुठं सुरू होतो यावरून भांडणंही व्हायची, कारण ती संपत्ती होती. आजी सकाळी गोठा झाडायची, शेणाचा पो टोपल्यात, गोमूत्रानं भिजलेलं कुटार टोपल्यात, चुलीची राख वेगळी, आणि ते टोपलं डोक्यावर घेऊन उकंड्यावर रिकामं. भाज्यांची देठं, कांद्याची टरफलं, फुटलेलं मडकं, फाटलेल्या गोधडीच्या चिंध्या, सगळं त्यातच. दिवाळीला त्या उकंड्यावर पण एक दिवा लागायचा. आजी शेणाचा दिवा करायची, त्यात तेलात भिजवलेली वात, आणि मला म्हणायची जाय, उकंड्यावर ठेवून ये. अंधारात एकट्यानं जायला भीती वाटायची मला, पळत जायचो नि पळत यायचो. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो ही म्हण पुस्तकात वाचण्याच्या आधी मी आजीच्या तोंडून ऐकली होती, घरात कोणाचं काही बिघडलं की ती हेच म्हणायची.

पण खरी मजा होती उकंडा उपसण्याची. चैत्र-वैशाखात, उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, पऱ्हाट्या निघाल्या, की अक्षय तृतीयेच्या आगेमागे बंडीला साट्या बांधायच्या आणि खत वाहायचं. वरचा थर कोरडा, पांढुरका, त्यात अजून कुटाराची काडी दिसते. एक हात खाली गेलं की रंग बदलतो, तपकिरी होतो. अजून खाली गेलं की काळंभोर, आणि सकाळच्या गारव्यात त्याच्यातून वाफ निघायची, हात घातला तर कोमट लागायचं. हुमणीच्या जाड्या पांढऱ्या अळ्या निघायच्या, त्या वेचायला बगळे आणि साळुंक्या बंडीच्या मागं मागं. आणि आम्ही पोट्टे वेचायचो ते वेगळंच. बांगड्यांचे तुकडे, एखादी हरवलेली गोटी, एकदा तर आजीचं चांदीचं जोडवं सापडलं, दोन वर्षांपूर्वी हरवलेलं, काळं पडलेलं. आजीनं राखेनं घासून परत बोटात घातलं. म्हणजे वर्षभर घरातून जे जे बाहेर गेलं ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर मातीत मिसळून शेतात जात होतं, आणि जे मिसळत नव्हतं ते बोटांवर मोजता येईल इतकं थोडं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाटही आठवते. घरं झाडून, जुनी झाडणी आणि केर घेऊन सगळं गाव शिवेकडं निघायचं आणि ओरडायचं, "माशा मोंगसा घेऊन जाय गे मारबत! खासी खोकला घेऊन जाय गे मारबत!" नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक आता टीव्हीवर दिसते, पण आमच्या गावात मारबत म्हणजे हे एवढंच, पळसाची फांदी, केर आणि बोंबा. ऐन भादव्याच्या तोंडावर, जेव्हा माशा आणि ताप सगळ्यात जास्त, तेव्हाच ही साफसफाई. कोणीतरी फार विचार करून हा दिवस ठरवला असणार असं मला मोठं झाल्यावर वाटलं.

आता इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की जुनं सगळं चांगलंच होतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, शाळेत असताना निबंध लिहिला होता मी तसा. पण उकंडा हा गावच्या घाणीचा सोपा भाग होता. शेण आपलं, गोठा आपला, खत आपलं, म्हणून टोपलं आपण उचललं. ज्याचं खत होत नव्हतं, ज्याला वास होता, ज्याला हात लावला की विटाळ होतो असं मानायचे, ते कोण उचलत होतं?

आबाजी मला बैलाची गोष्ट सांगायचे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन, ते सत्तरीच्या पुढं.

साल 1956. त्या वर्षीचा दसरा ते डिसेंबर हे सव्वादोन महिने आमच्या भागानं काय काय पाहिलं ते एकत्र मांडलं की अंगावर काटा येतो माझ्या. 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. 1 नोव्हेंबरला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणि 20 डिसेंबरला गाडगेबाबा गेले, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीकडं येताना गाडीतच.

तर त्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसात, आबाजीचा एक बैल मेला. रिवाजाप्रमाणं आबाजीनं पलीकडच्या वस्तीत निरोप धाडला. आजपर्यंत असं होतं की ढोर मेलं की त्या वस्तीतली माणसं यायची, ढोर ओढून ढोरफोडीच्या जागी न्यायची, आणि त्याच्या बदल्यात खळ्यावर बलुतं मिळायचं, म्हणजे सुपभर ज्वारी, तीही वरून टाकलेली. बाबासाहेब 1927 च्या महाडच्या वेळेपासून सांगत होते की मेलेली ढोरं ओढणं सोडा. बऱ्याच गावांत ते दीक्षेच्या आधीच बंद झालं होतं, आमच्या गावात ते त्या दिवाळीला झालं. दीक्षाभूमीवर जाऊन आलेला एक जण, आबाजीच्याच वयाचा, दारात येऊन उभा राहिला. आत नाही आला आणि वाकलाही नाही. म्हणाला, "पाटील, आता आमी ढोर नाही ओढत."

आबाजी चिडले. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, लपवलं नाही. बलुतं बंद करीन म्हणाले. तो म्हणाला करा. आणि निघून गेला.

दोन दिवस बैल गोठ्यामागं पडून राहिला. पोट फुगलं. गिधाडं आली, तेव्हा गिधाडं होती आमच्याकडं. तिसऱ्या दिवशी आबाजीनं आणि त्यांच्या भावानं दुसरी जोडी जुंपून ओढायचं ठरवलं, पण ते बैल मेलेल्या बैलाच्या वासानं बिचकले, मान खाली घालून उभे, जू घेईनात, एकानं तर दावं तोडलं. शेवटी घरातल्या चार माणसांनी नाकाला फडकं बांधून, सोल, म्हणजे जाड दोर, लावून, हातानं ओढत नेलं. मधे दोनदा थांबले. आबाजीला ओकारी झाली. आजीनं दारातच पाणी देऊन अंघोळ करायला लावली, घरात घेतलं नाही, आणि त्या रात्री आबाजी जेवले नाहीत.

हे सांगताना ते तळहात पुढं करून दाखवायचे, जणू अजून फोड आहेत तिथं. "दोनशे पावलं ओढलं त हाताची साल निंघाली. अन त्या लोकाईनं किती पिढ्या ओढलं असंन. मीनं त्याले बलुतं बंद करतो म्हटलं." आणि मग थांबून म्हणायचे, "तो गेल्यावर तुही आजी मले म्हने, मंग उचलन कोण?"

हेच ते वाक्य. आजीनं विचारलेलं. 1956 साली आमच्या गोठ्यामागं विचारलेला प्रश्न आणि रपट्यावर त्या पोरानं विचारलेला प्रश्न एकच आहे असं मला वाटतं, मधल्या इतक्या वर्षांत गावानं त्याचं उत्तर दिलंच नाही, फक्त दर वेळी कोणीतरी गरीब माणूस शोधला.

शहरात काय होतं ते बाबांकडून ऐकलं. बाबा 1959 ला हायस्कूलसाठी तालुक्याच्या गावी त्यांच्या मामाकडं राहायला गेले. तिथं नगरपालिका होती, पक्का रस्ता होता, संध्याकाळी दिवे लागायचे, बाबांना फार अप्रूप. आणि मामाच्या घरी संडास होता. खेड्यातून गेलेल्या पोराला, जो टमरेल घेऊन गोदरीला जायचा, त्याला घरात संडास म्हणजे केवढी गोष्ट. पण तो पाटीचा संडास. वर दगडी बैठक, खाली टिनाचा डबा, आणि घराच्या मागं एक अरुंद बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल एवढी. त्या बोळीत प्रत्येक घराचं एक बुटकं दार, गुडघ्याएवढं, पत्र्याची झडप असलेलं. पहाटे एक बाई यायची. झडप उचलायची, डबा ओढायची, टोपलीत रिकामा करायची, वरून राख टाकायची, टोपली डोक्यावर. बोळीच्या तोंडाशी नगरपालिकेची मैलागाडी उभी, बैलाची, त्यात नेऊन टाकायची. परत पुढचं दार. पावसाळ्यात टोपली गळायची, मग ती डोक्यावर पोतं घ्यायची. मामी तिला हात धुवायला पाणी द्यायची ते वरून, अंतरावरून.

बाबा सांगतात, एकदा चेंडू मागच्या बोळीत गेला म्हणून त्यांनी मागचं दार धाडकन उघडलं, तर समोर ती, डोक्यावर भरलेली टोपली. बाबा तेरा वर्षांचे. आणि ती बाई, त्यांच्या आईच्या वयाची, पटकन भिंतीला चिकटली, तोंड भिंतीकडं केलं, आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबू, जा तुमी." तिला भीती होती की पोराला शिवलं तर घरातले ओरडतील. बाबा आज 79 चे आहेत, अजून हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. चार वर्षं ते त्या घरात राहिले, चार वर्षं ती रोज आली, आणि तिचं नाव बाबांना माहीत नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, कोणी घेतलंच नाही कधी, मेहतरीण आली एवढंच म्हणायचे.

हाताने मैला उचलायला लावू नये असा कायदा आपल्या देशात झाला 1993 ला. बाबांच्या त्या दिवसानंतर तीसेक वर्षांनी. आणि तो पुरला नाही म्हणून दुसरा कडक कायदा 2013 ला करावा लागला.

त्याच काळात सरकारनं काहीच केलं नाही असं पण नाही. 1953 ला देशभर मलेरियाची मोहीम सुरू झाली, गावोगाव डीडीटी फवारणारे फिरू लागले. आमच्या जुन्या घराच्या दारामागं भिंतीवर त्यांनी गेरूनं लिहिलेली तारीख मी लहानपणी पाहिली आहे, चुन्याखालून पुसट दिसायची. 1958 ला ग्रामपंचायतीचा कायदा झाला, 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. गावची सफाई हे पंचायतीचं काम असं कायद्यात लिहिलं गेलं. पण काम लिहिलं म्हणजे ते करणारा हात कोणाचा, हे तेव्हाही सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

म्हणून मला गाडगेबाबा वेगळे वाटतात, आणि आमच्या अमरावती जिल्ह्यातले म्हणून बोलत नाहीये. शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जाणोरकर, 1876 चा जन्म, परीट घरातला, 1905 ला घर सोडलेला. ते गावात आले की आधी कोणाच्या ओट्यावर बसत नसत. खराटा घ्यायचे आणि गाव झाडायला लागायचे, नाल्या मोकळ्या करायचे. लोक आधी नुसते पाहायचे, मग एक जण लाजून फावडं आणायचा, मग दुसरा. आणि संध्याकाळी कीर्तन, गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला. आमच्या आजीनं त्यांना ऋणमोचनच्या जत्रेत पाहिलं होतं, ती सांगायची की कोण बुवा आणि कोण झाडणारा ते कळलंच नाही, संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला तेव्हा समजलं. ज्या कामाला गावानं जात लावली होती ते काम त्यांनी दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर, भक्ती म्हणून केलं. असा माणूस आमच्या मातीत झाला आणि आम्ही त्याचा फोटो पंचायतीत लावला. मला ही गोष्ट लागते, खरंच लागते.

वर्ध्याकडं पण हेच चाललं होतं. गांधीजी 1936 ला सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले, त्याच्या आधीच त्यांच्या शिष्या मीराबेन वर्ध्याजवळच्या सिंदी गावात सफाई करत होत्या. आणि विनोबा 1946 पासून पवनारहून रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून सुरगावला जायचे, गावचा मैला उचलायला. त्यांची एक आठवण सांगतात, की एकदा पावसाळ्यात मधल्या नाल्याला पूर आला, पलीकडं जाता येईना, तर विनोबांनी काठावरूनच पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की मंदिरात जाऊन देवाला सांग, गावचा भंगी आला होता, पूर होता म्हणून परत गेला. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल पोरांना. पूर आला म्हणून सुट्टी घेतली नाही त्यांनी, हजेरी लावली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची रामधून आमच्या गावात मी स्वतः पाहिलेली, पहाटे गाव झाडून, सडे-रांगोळ्या टाकून मग रांगेनं भजन म्हणत फेरी. ज्या दिवशी रामधून असेल त्या दिवशी आमच्या गल्लीतली नाली वाहती असायची.

2000-01 ला गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि जीव तोडून त्यात उतरलो. महिनाभर गाव झाडलं, शोषखड्डे खणले, भिंती रंगवल्या. आयुष्यातला चांगला महिना तो. सगळ्या वस्तीतली पोरं एकत्र होती, पहिल्यांदाच एका पंक्तीत जेवलो आम्ही. समिती येऊन गेली, नंबर आला नाही, आणि पुढच्या वर्षी खराटे घेऊन आलो आम्ही फक्त नऊ जण. नंतर गुड मॉर्निंग पथक आलं, गोदरीवर शिट्ट्या वाजवत, म्हाताऱ्या बायांना पळवत. ते मला आवडलं नाही, आजही पटत नाही. मग 12,000 रुपयांचे संडास आले. त्यानं फरक पडला, खोटं कशाला बोलू, माझ्या सुनेला-पुतणीला अंधाराची वाट पाहावी लागत नाही ही फार मोठी गोष्ट आहे.

पण खड्ड्यांचं बघा. योजनेत दोन खड्डे सांगितले होते. विटांमधे फटी ठेवायच्या, पाणी मातीत मुरतं, एक भरला की बंद करायचा, दुसरा सुरू, आणि बंद केलेला दोनेक वर्षांनी उघडला की आत नुसती काळी भुरभुरीत माती, वास नाही काही नाही, कोणीही फावड्यानं काढावी. आबाजीच्या उकंड्यासारखंच की ते. पण आमच्या गावात निम्म्या लोकांनी एकच मोठा खोल टाका बांधला, कशाला तर लवकर भरू नये म्हणून, आणि मला एका शेजाऱ्यानं स्पष्ट सांगितलं, "आपुन आपला खड्डा उपसाचा? कायले? मोठा बांदू, आपल्या हयातीत भरते कायले." आता ते टाके भरले. तालुक्यावरून सक्शनची गाडी येते, पाईप टाकते, पैसे घेते, आणि ती गाडी कुठं रिकामी होते ते मी पाहिलं आहे. त्याच नाल्यात, थोडं वर.

मग गावात पन्नी आली, पाऊच आले, डायपर आले, आणि गोठे रिकामे झाले, ट्रॅक्टर आला, उकंडे मोडून लोकांनी तिथं स्लॅब टाकले. म्हणजे मिसळणारं कमी झालं आणि न मिसळणारं वाढलं. गाडी आली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. भोंगा वाजला की बायको डबा घेऊन जाते, गाडीत टाकते, संपलं. आणि त्या गाडीवरचा तो पोरगा, बारावी झालेला, हातमोजे नाहीत, बूट नाहीत, पगार तीन-तीन महिने थकतो. तो कोणत्या वस्तीतला आहे हे मी मुद्दाम लिहित नाही, वाचणाऱ्याला कळलंच असेल आणि ते कळतं हेच वाईट आहे.

तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. कधी बोलत नाही मी सभेत, पाय कापत होते. विचारलं, गाडी भरते ती रिकामी कुठं होते? पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, असतो, 30 टक्के स्वच्छतेला आणि 30 टक्के पाण्याला, मग आपल्या गावात कचऱ्याची जागा का नाही, आणि त्या पोराला हातमोजे का नाहीत? बराच गोंधळ झाला. एक जण म्हणाला नाल्यातून पुरात वाहून जाते ना सगळं. मी म्हटलं वाहून खालच्या गावात जाते, आणि आपल्या वरच्या गावचं आपल्याकडं येते. शेवटी ई-क्लास, म्हणजे सरकारी, जमिनीतला एक तुकडा कचरा वेगळा करायच्या शेडसाठी मागायचा असा ठराव झाला. कागद तहसीलला गेला आहे. मी दर सोमवारी जाऊन विचारतो.

तोपर्यंत थांबायचं नाही म्हणून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाडेप पद्धतीचा खताचा एक टाका बांधला. नाडेप हे नाव आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या अक्षरांवरून. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. थर द्यायचे, पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, परत पालापाचोळा. शेण थोडंच लागतं, हे महत्त्वाचं, कारण आता गावात शेणच कुठं उरलं. वरून लिंपून टाकायचं, भेगा पडल्या की परत लिंपायचं, साडेतीन-चार महिन्यांत खत. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घंटागाडी आता माझ्या धुऱ्यावर येते. तो पोरगा आणि मी मिळून निवडतो, ओलं टाक्यात, पन्नी चुंगडीत, म्हणजे पोत्यात. हातमोजे मी आणले, दोन जोड, एक त्याचा एक माझा. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. आबाजीची आठवण झाली. पोरानं पाण्याची बाटली पुढं केली, आणि मी तोंड लावून प्यालो, तेव्हा तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला.

काल पहिला टाका उघडला. वरची लिंपण फोडली, आणि खाली काळंभोर, कोमट, तोच वास, पहिल्या पावसाचा असतो तसा. चाळणीला लावलं. चाळणीवर राहिलेलं मी मोजलं, शाम्पूचे सात पाऊच, एक टूथब्रश, डायपरची निळी पट्टी, आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. तो तुकडा खिशात टाकला, आईला दाखवायला. बाकीचं खत तुरीच्या वावरात जाईल. दोन चुंगड्या त्या पोरानं मागितल्या, त्याच्या मायला घरामागं सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक लावायचा आहे. चुंगडी भरताना एक कान त्यानं धरला, एक मी, आणि आम्ही ती गाडीवर चढवली.